साके गरम की गार? एका बाटलीतल्या दहा चवी

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजी नावाची बुरशी वापरून मद्य बनवण्याच्या जपानी विद्येला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. बातम्यांमध्ये तांदूळ आला, बुरशी आली, शेकडो वर्षांची परंपरा आली. पण पहिल्यांदाच साके मागवणाऱ्याला गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच असते. वाढणारा विचारतो, "गरम आणू की गार?" बिअर गार प्यायची हे ठरलेलं आहे, चहा गरम प्यायचा हेही ठरलेलं आहे. मग एकच पेय दोन्ही टोकांना कसं चालतं?

उत्तर या प्रश्नापेक्षाही लांबचं आहे. जपानीत साकेच्या तापमानाला दोन नव्हे, दहा नावं आहेत. ही नावं हौसेने ठेवलेली नाहीत. त्याच बाटलीतली तीच साके ५ अंश सेल्सिअसला एक पेय असते आणि ४५ अंशांना दुसरं. तापमान हा साकेचा जवळजवळ एक घटकच आहे, आणि तो पिणाऱ्याच्या हातात असतो.

## आधी, साके म्हणजे काय

जपानीत 'साके' म्हणजे कुठलंही मद्य. आपण ज्याला साके म्हणतो त्याला तिथे निहोन्शु, म्हणजे 'जपानी मद्य', असं म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत सेइशु. इथे आपण साकेच म्हणू.

ती व्हिस्कीसारखी ऊर्ध्वपातन करून काढत नाहीत, आणि वाइनसारखी फळाचीही नसते. द्राक्षाच्या रसात साखर आयती असते. यीस्ट पडलं की आंबायला सुरुवात. तांदळात साखर नसते, पिष्ट असतं. भाताचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोड लागू लागतो, कारण लाळ त्या पिष्टाची साखर करते. साकेत हे काम कोजी करते. वाफवलेल्या तांदळावर ही बुरशी (शास्त्रीय नाव अस्परजिलस ओरायझी) उबदार खोलीत सुमारे दोन दिवस वाढवतात. मग कोजी, आणखी वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच पिंपात जातं. एकीकडे पिष्टाची साखर होत असते, दुसरीकडे त्याच वेळी साखरेचं अल्कोहोल. साखर थोडी थोडी मिळत गेल्याने यीस्ट दमत नाही आणि अल्कोहोल १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतं. बाटलीत भरण्याआधी बहुतेक साकेत पाणी घालून ते १५-१६ टक्क्यांवर आणतात.

कोजी आणखी एक काम करते, आणि आपल्या विषयासाठी तेच महत्त्वाचं. ती तांदळातली प्रथिनं फोडते आणि अमिनो आम्लं मोकळी करते. त्यातून येते ती उमामी: मटणाच्या रश्श्यात किंवा शिजलेल्या टोमॅटोत लागणारी, तोंड भरून रेंगाळणारी चव. वाइनच्या तुलनेत साकेत अमिनो आम्लं बरीच जास्त असतात आणि आंबटपणा कमी.

म्हणजे एका घोटात गोडी, उमामी, आंबटपणा, अल्कोहोलचा तिखटपणा आणि सुगंध इतकं सगळं असतं. तापमान बदललं की यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्रमाणात बदलते. सगळ्या सारख्याच वाढल्या असत्या तर गरम साके ही फक्त 'जास्त' साके झाली असती. तसं होत नाही. तोल बदलतो, म्हणून चव बदलते.

## तापमान चढतं तेव्हा तोंडात काय होतं

गोडीपासून सुरुवात करू. फ्रीजमधून काढलेलं श्रीखंड लगेच खाल्लं तर बेताचं गोड लागतं. तेच वाटीत अर्धा तास राहिलं की गोडी वर येते. वितळलेलं आइस्क्रीम नकोसं गोड होतं ते याच कारणाने. साखर तेवढीच असते, जीभ बदललेली असते. गोड आणि उमामी ओळखणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाचा एक दरवाजा असतो, जो साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमानाबरोबर अधिकाधिक जोमाने काम करतो. त्यामुळे गार साके कोरडी, रेखीव लागते, आणि शरीराच्या तापमानाजवळ आली की तीच गोड आणि भरीव होते. ४० अंशांच्या पुढे गेल्यावर ही गोडी वाढत राहत नाही. तिथून पुढे अल्कोहोल बोलू लागतं.

आंबटपणाची तीव्रता त्या मानाने फारशी हलत नाही, पण कोणतं आम्ल आहे यावर सगळं अवलंबून असतं. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातून चटकन कळते. लिंबाचं सरबत गारच बरं लागतं. ते ऊन करून पाहावं, मजा जाते. उलट ताकाचा आंबटपणा कढीत ऊन केला की गोलसर होतो. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, ताकात लॅक्टिक. साकेत लॅक्टिक असतं, तसंच सक्सिनिक आम्लही असतं, जे तिसऱ्यांच्या रश्श्याला त्याची खास चव देतं. लॅक्टिक आणि सक्सिनिक ही दोन ऊन केल्यावर खुलणारी आम्लं. मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, आणि सायट्रिक ही गारव्यात खुलणारी. कोणत्या बाटलीला गरम करायचं याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सुगंधाचं गणित सरळ आहे: उष्णता वाढली की वास देणारे रेणू जास्त उडतात. थिजलेल्या तुपाला फारसा वास नसतो, तेच वरणभातावर कढत ओतलं की घरभर दरवळतं. पण साकेत दोन जातींचे वास असतात. एक तांदळाचा, कोजीचा, थोडासा दुधाळ किंवा भाजल्या धान्यासारखा. तो उष्णतेत सुखाने वर येतो. दुसरा फळांचा: सफरचंद, नासपती, केळं यांची आठवण करून देणारा. इथिल कॅप्रोएट आणि आयसोअमिल अ‍ॅसिटेट या दोन रसायनांचा त्यात मोठा वाटा. हा वास नाजूक असतो. १० ते १५ अंशांना तो नाकाशी छान रेंगाळतो. ५० अंशांना एकदम भपकारा येतो आणि पेल्यात काही उरत नाही.

अल्कोहोलही उडतंच. ४० अंशांपर्यंत ते उबेसारखं जाणवतं. ५० च्या पुढे वाफ नाकात झोंबते आणि घोट गिळल्यावर घसा एकदम कोरडा, स्वच्छ होतो. जपानी लोक या स्वच्छ शेवटाला 'किरे' म्हणतात, म्हणजे 'तोडणं'. तेलकट माशानंतर हा शेवट हवासा वाटतो, म्हणून कढत साकेला नावं ठेवण्याआधी ती कशाबरोबर घेतली हे विचारावं.

## दहा नावं

आपल्याकडे अंघोळीच्या पाण्याला थंड, कोमट, ऊन, कढत असे शब्द आहेत आणि घरातला प्रत्येक माणूस त्यातला आपला शब्द धरून बसलेला असतो. जपानी शब्दांमागे तीच वृत्ती आहे, फक्त पायऱ्या जवळजवळ पाच-पाच अंशांच्या आहेत.

सर्वात खाली ५ अंशांना युकिबिए, 'हिमाचा गारवा'. इथे वास जवळपास बंद असतो आणि चव आखडलेली. १० अंशांना हानाबिए, 'फुलांचा गारवा': चेरी फुलतात त्या दिवसांत परत आलेली थंडी. फ्रीजमधून काढून काही मिनिटं ठेवलेली बाटली इथे असते. १५ अंशांना सुझुबिए, 'शीतल'. फळांच्या वासाच्या साकेला ही जागा फार मानवते. २० अंशांना हिया.

इथे थांबायला हवं, कारण 'हिया' या शब्दावर जपानमध्येही गैरसमज होतात. शब्दाचा अर्थ 'गार', पण साकेच्या बाबतीत तो 'न तापवलेली' असा आहे. फ्रीज नव्हता तेव्हा दोनच प्रकार होते, तापवलेली आणि न तापवलेली. फ्रीजमधल्या साकेसाठी रेइशु हा वेगळा शब्द आहे.

मराठी वाचकासाठी यात आणखी एक अडचण दडली आहे. साकेच्या पुस्तकी सल्ल्यात 'खोलीचं तापमान' म्हणजे २० अंश. मुंबईत मे महिन्यात कपाटातून काढलेली बाटली ३१-३२ अंशांची असते. म्हणजे ती हिया नसून तापवलेल्या साकेच्या पहिल्या पायरीवर आधीच चढलेली असते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे 'खोलीच्या तापमानाची' साके प्यायची तर ती आधी फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढावी लागते. पुण्यात डिसेंबरात कदाचित नाही.

तापवलेल्या साकेला 'कान' म्हणतात. ३० अंशांना हिनाताकान, 'उन्हात बसल्याची ऊब'. ती ओठाला गरमही वाटत नाही आणि गारही नाही. ३५ ला हितोहादाकान, 'माणसाच्या त्वचेइतकी'. तांदळाचा आणि कोजीचा वास इथे मऊ उठतो. ४० ला नुरुकान, 'कोमट'. हे नाव सर्वांत कमी आकर्षक आहे आणि जागा सर्वांत चांगली. सुगंध भरभरून येतो, गोडी आणि उमामी दोन्ही वर असतात, अल्कोहोल अजून हाताबाहेर गेलेलं नसतं. एखादी अनोळखी साके पहिल्यांदाच तापवून पाहायची असेल तर ४० ते ४२ वर पाहावी. ४५ ला जोकान: ओतताना हलकी वाफ दिसते, चव आवळून येते. ५० ला आत्सुकान, 'गरम'. बाटलीच्या तोंडातून वाफ येते. ५५ ला आणि त्यापुढे तोबिकिरिकान, 'अतिशय', जिथे भांडं हातात धरवत नाही.

२० आणि ३० च्या मधल्या टापूला नाव नाही. बरीच साके तिथे खरोखरच निर्जीव लागते: गारव्याचा रेखीवपणा गेलेला, उबेचा भरीवपणा आलेला नाही. उन्हाळ्यात टेबलावर राहिलेल्या पेल्याचं तेच होतं.

## बाटलीवरून कसं ओळखायचं

लेबलवरचे तीन-चार शब्द पुरे होतात. 'जुनमाई' म्हणजे फक्त तांदूळ, कोजी, पाणी आणि यीस्ट. 'होन्जोझो' म्हणजे त्यात मर्यादित प्रमाणात वेगळं अल्कोहोल घातलेलं, ज्याने साके हलकी आणि स्वच्छ होते. 'गिंजो' आणि 'दाइगिंजो' हे तांदूळ किती सडला त्यावरून ठरतं. आपण तांदूळ सडतो तो कोंडा काढण्यापुरता. गिंजोसाठी दाणा सडता सडता मूळच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी उरवतात, दाइगिंजोसाठी ५० टक्के किंवा कमी. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश गेल्यावर, कमी तापमानात सावकाश आंबवून फळांचा वास मिळवतात.

त्यामुळे गिंजो-दाइगिंजो १० ते १५ अंशांना. अगदी ५ अंशांना नको. महागाचा वास फ्रीजने गिळून टाकल्यासारखं होतं. जुनमाई सर्वांत लवचीक, १५ पासून ५० पर्यंत कुठेही काहीतरी सांगते. होन्जोझो गार असताना साधी लागते आणि ४५ च्या आसपास सुरेख. 'किमोतो' किंवा 'यामाहाई' हे शब्द दिसले तर बिनधास्त तापवावी: या पद्धतींत विरजणासारखे लॅक्टिक जिवाणू नैसर्गिकपणे वाढू देतात, त्यामुळे आंबटपणा आणि भरीवपणा जास्त असतो. अशी साके गार असताना कधी कधी ओबडधोबड लागते आणि ४५ ला तिचे सगळे कोपरे बसतात.

'नामा' म्हणजे पाश्चराइझ न केलेली. ती गारच ठेवावी आणि शक्यतो गारच प्यावी. तिचं ताजेपण हेच तिचं वैशिष्ट्य. फेसाळ साके तापवू नये, तापवली की वायू निघून जातो.

लेबलच्या मागे 'सानदो' हा आंबटपणाचा आकडा असला तर तोही पाहावा. सर्वसाधारण साकेचा १.३ ते १.५ च्या आसपास असतो. १.७-१.८ दिसला आणि साके जुनमाई असली, तर ती उबेची वाट पाहत आहे असं समजायला हरकत नाही.

## घरी तापवायची कशी

थिजलेला मध आपण बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करतो, आचेवर ठेवत नाही. साकेची रीत हीच. जपानमध्ये तोक्कुरी नावाची अरुंद गळ्याची चिनी मातीची सुरई वापरतात. ती बहुधा एक 'गो' म्हणजे १८० मिली किंवा दोन गोची असते. धातूचं उभं भांडं असेल तर त्याला चिरोरी म्हणतात. तोक्कुरी नसेल तर स्टीलचा उभा पेला चिरोरीचं काम उत्तम करतो, उलट मातीपेक्षा लवकर.

साके गळ्याच्या खालपर्यंतच भरावी. तापल्यावर ती फुगून वर चढते. पातेल्यात इतकं पाणी घ्यावं की तोक्कुरीच्या खांद्यापर्यंत येईल. आधी रिकामी तोक्कुरी ठेवून पाणी मापून घेतलं की चुकत नाही. पाणी उकळावं, गॅस बंद करावा, थोडा वेळ थांबावं म्हणजे ते ८०-८५ वर येईल, आणि मग भरलेली तोक्कुरी आत ठेवावी. २० अंशांची १८० मिली साके मातीच्या तोक्कुरीत साधारण दोन-अडीच मिनिटांत ४० ला पोचते, तीन-साडेतीन मिनिटांत ५० जवळ. स्टीलमध्ये यापेक्षा बरंच लवकर, म्हणून तिथे मिनिटभरातच बघायला सुरुवात करावी. तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून लावला तर वास आत राहतो.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. बुडवण्याआधी एकदा ढवळावं, कारण वरचा आणि खालचा थर वेगळा असतो. नसेल तर तोक्कुरी उचलून बुडाला बोट लावावं. बूड नुसतं उबदार वाटलं तर साके कोमट झाली आहे. गरम वाटून बोट मागे घ्यावंसं वाटलं तर ५० जवळ आली. जुन्या जपानी खानावळींत हे काम करणारा वेगळा माणूस असे, त्याला ओकानबान म्हणत. नुसत्या हाताने पाच अंशांचा फरक ओळखणं हे त्याचं कसब.

चुका कुठे होतात? पहिली, पेला. ४५ अंशांची ५० मिली साके ८० ग्रॅमच्या गार पेल्यात ओतली तर सुमारे पाच अंश तिथेच जातात. पेला आधी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावा, नाहीतर साके दोन-तीन अंश जास्त तापवावी. दुसरी, फ्रीजमधली मातीची तोक्कुरी थेट कढत पाण्यात ठेवणं, ती तडकते. तिसरी, पाणी उकळत ठेवून त्यात साके ठेवणं. कडेची साके मधल्या साकेच्या पुढे धावते आणि वास तिखट होतो. चौथी, पूर्ण बाटली तापवणं. लागेल तेवढीच तापवावी.

मायक्रोवेव्ह चालतो, पण तोक्कुरीत नाही. अरुंद गळ्यातली साके कढत होते आणि पोटातली कोमटच राहते. रुंद तोंडाच्या कपात १८० मिली साके घेऊन ५०० वॅटवर २० सेकंद, ढवळून पुन्हा २० सेकंद, मग लागेल तसं पाच-पाच सेकंद वाढवत जावं.

## एका बाटलीवरचा प्रयोग

फरक समजून घ्यायचा असेल तर पाच बाटल्या आणू नयेत. एक चांगली, फार सुगंधी नसलेली जुनमाई घ्यावी, ३०० मिलीची छोटी बाटली दोघांना पुरते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. ६० मिली ओतून लगेच एक घोट, आणि तोच पेला बाजूला ठेवून १५ आणि २० अंशांना पुन्हा एकेक घोट. घोट १० मिलीचा पुरे. मग १८० मिली ५० पर्यंत तापवावी आणि उतरत्या क्रमाने ५०, ४५, ४० आणि ३५ ला चाखावी. गारपासून सुरुवात करायची, कारण कढत घोटानंतर जिभेला गारातले बारकावे सापडत नाहीत.

पेले सगळे एकाच आकाराचे असावेत. पेल्याचा आकारही चव बदलतो, आणि मग तापमानाचं श्रेय की पेल्याचं हे कळत नाही. साके परीक्षक किकिचोको हा पांढरा पेला वापरतात, ज्याच्या तळाशी निळी वर्तुळं काढलेली असतात. पांढऱ्यावर रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. घरी साधा पांढरा कप पुरतो.

प्रत्येक घोटाला तीनच गोष्टी लिहाव्यात: वास कशाचा आला, गोड की कोरडी, आणि गिळल्यावर चव किती वेळ राहिली. उतरताना एक गंमत दिसते. ५० ला जाऊन ४० ला आलेली साके, आणि थेट ४० पर्यंतच तापवलेली साके, या दोन्ही सारख्या लागत नाहीत. पहिलीतला वरवरचा वास आणि अल्कोहोलची धार थोडी उडून गेलेली असते आणि ती जास्त शांत लागते. तापवून निवू दिलेल्या साकेला जपानीत कानझामाशी म्हणतात, आणि काही जाणकार भरीव साके मुद्दाम ५५-६० पर्यंत नेऊन मग उतरवतात.

## पण गरम साके म्हणजे हलक्या दर्जाची साके ना?

हा समज जपानमध्येच तयार झाला, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाचा दुष्काळ होता. तेव्हा मूळ साकेत अल्कोहोल, साखर आणि आम्लं घालून तिप्पट माल काढायची पद्धत आली. अशी साके कढत करून प्याली की तिचे दोष झाकले जायचे. पुढे १९८० च्या दशकात गिंजोची लाट आली, आणि ती गार प्यायची असल्याने 'चांगली ती गार, वाईट ती गरम' असं समीकरण बसलं. २००६ च्या कायदेबदलानंतर त्या तिप्पट पद्धतीला सेइशु म्हणवून घेता येईनासं झालं, समज मात्र उरला.

त्याआधीचा इतिहास उलटा आहे. जुन्या रिवाजात नवव्या महिन्याच्या नवमीपासून तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेपर्यंत साके तापवून पीत, आणि एदो काळात (१६०३ ते १८६८) ती वर्षभर तापवण्याची सवय पक्की झाली. लुइश फ्रॉइश या पोर्तुगीज जेझुइटाने १५८५ मध्ये युरोपीय आणि जपानी चालीरीतींची तुलना लिहिली. आम्ही वाइन गार करतो आणि हे लोक जवळजवळ वर्षभर तापवतात, अशी नोंद त्याने केली आहे. हा फ्रॉइश १५४८ मध्ये गोव्यात आला, तिथेच शिकला, १५६१ मध्ये तिथेच पाद्री झाला आणि १५६३ मध्ये जपानला पोचला. गोव्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसालाही तापवलेलं मद्य नवलाचं वाटलं.

राहिला प्रश्न तापवल्याने चांगली साके बिघडते का याचा. बहुतेक साके कारखान्यातच, सहसा दोनदा, ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवलेली असते. पाश्चरायझेशन ते हेच. तीन मिनिटांच्या ४५ अंशांनी तिचं काही बिघडत नाही. तिला मारते ती महिनोन्‌महिने बंद कपाटातली ३० अंशांची उष्णता आणि उजेड. अशी साके पिवळी पडते आणि तिला मुरलेल्या मुळ्यासारखा वास येतो. गार असताना तो लपतो, तापवला की उघड होतो. म्हणजे उष्णता दोष झाकते हेही अर्धंच खरं आहे: पातळपणा झाकते, शिळेपणा चव्हाट्यावर आणते.

## अल्कोहोल उडून जातं का?

नाही. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि साकेसारखं मिश्रण ९० च्या आसपास. अरुंद गळ्याच्या भांड्यात तीन मिनिटं ४५-५० ला ठेवल्याने जे उडतं ते नगण्य. तापवलेली साके 'सौम्य' समजून जास्त पिणं ही चूक आहे, आणि गार साके पाण्यासारखी उतरते म्हणून भरभर पिणं ही त्याहून मोठी. जपानी म्हण आहे, "वडिलांचा सल्ला आणि न तापवलेली साके, दोन्ही उशिरा लागू पडतात." तापवलेली साके सावकाश प्यायली जाते आणि लवकर जाणवते, त्यामुळे कुठे थांबायचं ते वेळेत कळतं. १८० मिली साकेत सुमारे २२ ग्रॅम अल्कोहोल असतं, गरम असो वा गार. शेजारी पाण्याचा पेला ठेवून साकेइतकंच पाणी पीत जाण्याची जपानी रीत आहे. त्या पाण्याला यावारागी-मिझु म्हणतात. गाडी चालवायची असेल तर फक्त ते पाणीच प्यावं.

## बाटली उघडल्यावर

महाराष्ट्राच्या हवेत न उघडलेली बाटलीही फ्रीजमध्येच ठेवावी, उभी आणि कागदात गुंडाळून. उघडल्यावर तर नक्कीच. तापवून उरलेली साके परत बाटलीत ओतू नये. मासा वाफवताना किंवा रश्शात चमचा-दोन चमचे घालून संपवावी. उघडलेली भरीव जुनमाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी ४२ अंशांवर पुन्हा चाखावी, बऱ्याचदा पहिल्या दिवसापेक्षा जास्त गोलसर लागते. गिंजोचा वास मात्र तोवर उतरू लागलेला असतो, म्हणून दोन बाटल्या एकदम उघडल्या असतील तर गिंजो आधी संपवावी.